वाड्याच्या पायात कोण?

पुण्याच्या जुन्या पेठांतून हल्ली 'वारसा फेरी' निघते. शनिवारवाडा, विश्रामबागवाडा, कसबा गणपती असा तिचा ठरलेला मार्ग. सोबतचा जाणकार सांगतो, खाली दगडी जोते, वर वीटकाम, सागवानी खांब, त्यांवर सुरूची नक्षी. मंडळी माना डोलावतात. कारागिरी अस्सल आहे, त्याबद्दल वाद नाही. पण दगड वाहिले कोणी, हे कोणी विचारत नाही.

१७३० साली शनिवारवाड्याची पायाभरणी झाली. १८२८ च्या आगीत वरचे मजले जळाले. उरले तट, दरवाजे आणि जोती. म्हणजे आज आपण पाहतो तो बहुतांशी पायाच! आणि या पेशवाईतल्या इमारतींच्या पायाविषयी एका शाळकरी मुलीने लिहून ठेवले आहे. मुक्ता साळवे हिचे नाव. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेली ही मांगाची पोर. तिचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'ने छापला. मांग-महारांना त्यांच्या जागांवरून हुसकावले, शेंदूर मिसळलेले तेल पाजून इमारतींच्या पायात पुरले, असे ती सांगते. वास्तुकलेवरच्या कुठल्या माहितीपत्रकात हे येते?

पुढे विश्रामबागवाडा. दुसऱ्या बाजीरावाचा. पेशवाई बुडाल्यावर १८२१ मध्ये इंग्रज सरकारने तिथे संस्कृत पाठशाळा काढली, दक्षिणेच्या पैशावर, ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठी. तिथून चार पावलांवर बुधवार पेठेतला भिडेवाडा. १८४८ मध्ये फुल्यांनी मुलींची शाळा काढली ती इथे. विश्रामबागवाड्याची डागडुजी झाली, रंगरंगोटी झाली. भिडेवाडा मात्र वर्षानुवर्षे दुकानांच्या पाट्यांआड मोडकळत राहिला. कोर्टकज्जा संपून जागा महापालिकेकडे आली तेव्हा वाचवण्याजोगे काही उरले नव्हते. डिसेंबर २०२३ मध्ये तो पाडला. तिथे स्मारक व्हायचे आहे. व्हावेच! पण जिथे त्या मुली बसल्या त्या भिंती गेल्या, त्या गेल्याच.

गंजपेठ तर या फेरीत नसतेच. तिथे फुलेवाडा आहे, साधा, बैठा. आवारात हौद आहे. १८६८ मध्ये जोतीरावांनी तो अस्पृश्यांना खुला केला, तेव्हा गावातल्या पाणवठ्यांवर त्यांची सावलीही चालत नव्हती.

पोराबाळांना पुणे दाखवायला न्याल तेव्हा सुरुवात या हौदापासून करा. मग भिडेवाड्याच्या जागेवर थांबा. शनिवारवाडा शेवटी ठेवा आणि तिथल्या जोत्यापाशी मुक्ताचा निबंध मोठ्याने वाचा. तो फार लांब नाही.