उडती तबकडी दिसली? लेझर खिशातच ठेवा!

मुलांनो, 'उडती तबकडी' हा शब्द कुठून आला, माहीत आहे का? २४ जून १९४७ या दिवशी केनेथ अर्नोल्ड नावाचे अमेरिकन वैमानिक आपलं छोटं विमान घेऊन माउंट रेनियर या डोंगराजवळून चालले होते. त्यांना लांबवर नऊ चकाकत्या वस्तू झपाट्याने जाताना दिसल्या. पाण्यावर बशी भिरकावली की ती टप्पे घेत जाते, तशा त्या जात होत्या, असं त्यांनी सांगितलं. वर्तमानपत्रांनी त्यातली बशी तेवढी उचलली आणि 'उडती तबकडी' जगभर उडू लागली!

तिचं दुसरं नाव 'यूएफओ'. म्हणजे ओळख न पटलेली उडती वस्तू. नीट वाचा हं! 'परग्रहावरून आलेली' असं त्या नावात कुठेही नाही. अमेरिकेच्या हवाई दलाने १९४७ ते १९६९ या काळातल्या अशा १२,६१८ घटनांची नोंद केली. बहुतेकांचा उलगडा झाला. कुठे तारे निघाले, कुठे फुगे, कुठे साधी विमानं. ७०१ घटनांचं कोडं मात्र सुटलं नाही.

कोडं सोडवायला कुणाला आवडत नाही? पण अलीकडे काही हौशी मंडळी रात्री आकाशात अनोळखी दिवा दिसला की त्याच्यावर लेझरचा हिरवा झोत मारतात. कुणाला तो दिवा शेजारच्याला दाखवायचा असतो, तर कुणाला वाटतं, परग्रहवासी असतील तर आपली खूण ओळखून उत्तर देतील! हा खेळ किती महागात पडू शकतो, ते आज पाहू.

न्यू जर्सीचे गूढ दिवे

२०२४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमधली गोष्ट. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात लोकांना रात्री आकाशात गूढ दिवे दिसू लागले. कुणी म्हणे शत्रूचे ड्रोन, कुणी म्हणे परग्रहवासी! एफबीआय या तपास यंत्रणेकडे पाच हजारांवर सूचना आल्या. मेरीलँड राज्याचे माजी गव्हर्नर लॅरी होगन यांनी तर आपल्या घरावर डझनावारी ड्रोन दिसल्याचं सांगून चित्रफीतच प्रसिद्ध केली. जाणकारांनी ती पाहिली आणि कपाळाला हात लावला. त्यातले ठळक दिवे होते आपल्या मृग नक्षत्रातले तारे!

सरकारी यंत्रणांनी डिसेंबरच्या मध्यावर सांगितलं, की हे दिवे म्हणजे परवानगीने उडणारे ड्रोन, हौशी लोकांचे ड्रोन, पोलिसांचे ड्रोन, हेलिकॉप्टर, नेहमीची विमानं आणि तारे यांची सरमिसळ आहे. न्यू जर्सीच्या डोक्यावरून न्यूअर्क आणि न्यूयॉर्कच्या विमानतळांवर जाणाऱ्या विमानांची सतत ये-जा असते, हे लोक विसरूनच गेले होते.

इथपर्यंत हसण्यासारखं. पण पुढे ऐका. ड्रोन समजून लोकांनी विमानांवरच लेझर मारायला सुरुवात केली. वैमानिकांच्या डोळ्यांवर झोत येत आहेत, हे थांबवा, असा जाहीर इशारा एफबीआय आणि राज्याच्या पोलिसांना द्यावा लागला.

एवढासा झोत, एवढा मोठा धोका?

तुम्ही म्हणाल, पेनाएवढ्या यंत्राने विमानाला काय होणार? विमानाला काहीच होत नाही, बरं का! होतं ते वैमानिकाच्या डोळ्यांना.

लेझरची रेघ आपल्याला सुतासारखी बारीक दिसते. प्रत्यक्षात ती लांब जाताना रुंदावत जाते. साधारण पॉइंटरचा ठिपका एक किलोमीटरवर सुमारे एक मीटर रुंद होतो. तीन किलोमीटरवर तीन मीटर, म्हणजे खोलीच्या भिंतीएवढा! त्यामुळे खालून मारलेला झोत विमानाच्या एखाद्या कोपऱ्यावर पडत नाही, वैमानिकांची अख्खी खोली, म्हणजे कॉकपिट, उजळून निघते. शिवाय आपला हात कधी स्थिर नसतो. त्यामुळे झोत क्षणात येतो, क्षणात जातो. जणू कुणी तोंडासमोर कॅमेऱ्याचा फ्लॅश पुन्हा पुन्हा उडवतंय!

आणि झोत हिरवा असेल तर आणखी वाईट. आपल्या डोळ्यांना सगळ्या रंगांत हिरवट प्रकाश सर्वांत तेजस्वी दिसतो. पाच मिलिवॅटचा, म्हणजे अगदी कमी शक्तीचा हिरवा पॉइंटरही साडेतीन किलोमीटरपर्यंत वैमानिकाचं लक्ष विचलित करू शकतो.

रात्री एसटीने जाताना समोरून येणाऱ्या ट्रकच्या दिव्यांनी काच कशी चमकते, ते आठवा. काचेवरच्या धुळीमुळे आणि बारीक ओरखड्यांमुळे प्रकाश पसरतो आणि पुढचा रस्ता दिसेनासा होतो. विमानाच्या काचेचंही तसंच होतं. त्यातून रात्री कॉकपिटमधले दिवे मुद्दाम मंद ठेवलेले असतात, कारण वैमानिकांचे डोळे अंधाराला सरावलेले असावे लागतात. डोळे पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. एक झोत आला, की ती सगळी तयारी फुकट!

आता एक छोटं गणित करा. उतरताना मोठ्या विमानाचा वेग ताशी सुमारे २५० किलोमीटर असतो. म्हणजे सेकंदाला जवळपास ७० मीटर. धावपट्टी तीन किलोमीटरवर आली, की विमान जेमतेम दीडशे मीटर उंचीवर असतं आणि हातात उरतात साधारण ४३ सेकंद. त्यातले पाच सेकंद वैमानिकाला डोळ्यांपुढे नुसता हिरवा डाग दिसला तर? तेवढ्यात विमान ३५० मीटर पुढे गेलेलं असतं. मागे बसलेल्या शे-दोनशे माणसांना त्याचा पत्ताही नसतो.

ही नुसती कल्पना नाही. १४ फेब्रुवारी २०१६ रोजी लंडनहून न्यूयॉर्कला निघालेल्या एका विमानावर उड्डाणानंतर लेझर मारला गेला. एका वैमानिकाला बरं वाटेनासं झालं आणि ते विमान लंडनला परत आणावं लागलं. अमेरिकेत २०१० साली अशा २,८३६ घटना नोंदल्या गेल्या होत्या. २०२३ साली आकडा गेला १३,३०४ वर! विमानावर लेझर रोखणं हा तिथे २०१२ पासून गुन्हा आहे. शिक्षा पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड.

आपल्याकडेही हा धोका आहेच. मुंबईत विमानं घाटकोपर-कुर्ल्याच्या इमारतींवरून किती खाली येतात, ते तिथल्या मुलांना विचारा. म्हणूनच मुंबई पोलिसांनी विमानतळाच्या परिसरात लेझर सोडायला मनाई करणारे आदेश वेळोवेळी काढले आहेत.

आई-बाबांसाठी दोन शब्द : जत्रेत किंवा बाजारात मिळणारा लेझर पॉइंटर हे खेळणं नाही. त्यावर छापलेली शक्ती खरी असेलच असं नाही. जास्त शक्तीचा झोत जवळून डोळ्यांत गेला, तर डोळ्याच्या पडद्याला कायमची इजा होऊ शकते. आकाशदर्शनाला तारे दाखवण्यासाठी लेझर वापरतात, पण तो जाणत्या माणसाच्या हाती असावा आणि विमान दिसताच बंद व्हावा.

मग शोध घ्यायचा कसा?

रात्री दार वाजलं, तर आपण आधी 'कोण आहे?' असं विचारतो. दार वाजवणाऱ्यावर दगड मारत नाही. अनोळखी दिव्याचंही तसंच. जोपर्यंत तो काय आहे हे कळलेलं नाही, तोपर्यंत त्यात माणसं आहेत असंच धरून चाला. आणि लेझर मारून दिव्याची ओळख पटतही नाही. ती पटते निरीक्षणाने.

एक वही घ्या. वेळ, दिशा, रंग आणि दिवा किती वेळ दिसला, ते लिहा. मग या खुणा ताडून पाहा :

* विमानाच्या डाव्या पंखाच्या टोकाला लाल दिवा असतो, उजव्याला हिरवा.
* विमान सरळ आपल्याकडे येत असेल तर त्याचा पुढचा झगझगीत दिवा बराच वेळ एकाच जागी लटकल्यासारखा वाटतो. आवाजही उशिरा येतो. पाच मिनिटं थांबा, तो सरकेल.
* न लुकलुकता, एका संथ चालीने काही मिनिटांत आकाश ओलांडणारा ठिपका बहुधा कृत्रिम उपग्रह असतो.
* सूर्यास्तानंतर पश्चिमेला किंवा पहाटे पूर्वेला दिसणारा ठळक, शांत दिवा बहुधा शुक्र.
* हिवाळ्यात एका ओळीत तीन तारे आणि भोवती चार ठळक तारे दिसले, तर ते मृग नक्षत्र. माजी गव्हर्नरांना चकवणारं!

एवढं करूनही एखादा दिवा ओळखता आला नाही, तर वहीत त्याच्यापुढे एक मोठं प्रश्नचिन्ह काढा आणि दुसऱ्या रात्री त्याच वेळी पुन्हा बघा. लेझर मात्र खिशातच राहू द्या. सगळ्यांत चांगलं म्हणजे, घरीच राहू द्या!