गोपनीय अहवाल आता गोपनीय नाही

सरकारी कचेरीत 'सीआर' म्हटलं की अजूनही माणसं आवाज खाली आणतात. वर्षानुवर्षे वरिष्ठ हा गोपनीय अहवाल लिहीत आणि कर्मचाऱ्याला फक्त प्रतिकूल शेरा तेवढा कळवला जाई. पण 'चांगला' हा शेरा प्रतिकूल कसा म्हणायचा? सीमा रस्ते विभागातल्या देव दत्त या अभियंत्याचं नेमकं इथेच अडलं. बढतीसाठी सलग पाच वर्षे 'खूप चांगला' लागत होतं. १९९३-९४ साली मिळालं नुसतं 'चांगला', तेही न कळवता. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, बरावाईट कोणताही शेरा कळवलाच पाहिजे. २००९ पासून केंद्र सरकार पूर्ण अहवाल दाखवतं. पटला नाही तर १५ दिवसांत म्हणणं मांडता येतं.

हक्क मोठाच आहे. मला मात्र त्याआधीची पायरी जास्त मोलाची वाटते, ती स्वयंमूल्यनिर्धारणाची. अहवालाचा हा भाग आपणच भरायचा असतो आणि अनेक जण तो घाईत उरकतात. मागच्या एप्रिलमधलं काम अहवाल भरेपर्यंत कुणाला आठवणार? म्हणून साधी वही ठेवावी. दर शुक्रवारी दोन ओळी: काय निकाली निघालं, निधी कुठे उशिरा आला, काय कशामुळे अडलं. 'मेहनतीने काम केले' यातून अहवाल लिहिणाऱ्या प्रतिवेदन अधिकाऱ्याला काहीच कळत नाही. '१२० प्रलंबित अर्जांपैकी १०४ निकाली' यातून कळतं. उरलेले १६ का राहिले, हेही न संकोचता लिहावं.