खिशात गांजाची पुडी सापडली तर पोरगा गुन्हेगार की रुग्ण? कायदा काय सांगतो, वाचा

हैदराबाद : जुलै २०२५ मध्ये तेलंगणाच्या ‘ईगल’ या अमली पदार्थविरोधी पथकाने गच्चीबावलीत सापळा लावला. गांजा घ्यायला आलेल्यांची चाचणी केली. १४ जण पॉझिटिव्ह निघाले. त्यांना तुरुंगात नाही, तर व्यसनमुक्ती केंद्रात पाठवण्यात आलं.

नांदेड, लातूर, बिदर, आदिलाबादची कितीतरी मुलं शिक्षण-नोकरीसाठी हैदराबादेत राहतात. त्यामुळे आता थोडा माल जवळ ठेवणं गुन्हा राहिला नाही का, असा प्रश्न पडू शकतो.

उत्तर सरळ आहे : गुन्हाच आहे.

‘थोडा’ म्हणजे किती?

१९८५ चा एनडीपीएस कायदा वजनावर चालतो.

- गांजा : १ किलोच्या आत अल्प, २० किलोच्या वर व्यावसायिक
- हेरॉइन : ५ ग्रॅम आणि २५० ग्रॅम
- एमडीएमए : अर्धा ग्रॅम आणि १० ग्रॅम

अल्प प्रमाणाला १ वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा १० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. व्यावसायिक प्रमाणाला १० ते २० वर्षं. पुडीत भेसळ असली तरी वजन सगळ्या मालाचं धरतात, असं सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. जामिनाचं म्हणाल, तर या कायद्याखालचे सगळे गुन्हे अजामीनपात्र आहेत, असा निकाल मुंबई हायकोर्टाने त्याच वर्षी दिला.

मग उपचाराची वाट कुठली?

कलम ६४-अ. अल्प प्रमाणात किंवा सेवनाच्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर ही सवलत काढून घेता येते.

खरी गोम पुढे आहे. ही सवलत फक्त ‘व्यसनी’ माणसाला आहे, म्हणजे ज्याला त्या पदार्थाशिवाय राहवत नाही त्याला. मित्रांच्या नादाने एकदाच झुरका मारलेला पोरगा त्यात बसत नाही. पुरता अडकलेल्याला दार आहे, नवख्याला केस. आणि एकदा केस लागली की नोकरीच्या पडताळणीत, पासपोर्टला ती आडवी येते.

बदल का होत नाही?

अल्प प्रमाण बाळगणाऱ्याला तुरुंगाऐवजी उपचाराला पाठवा, अशी सूचना केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने २०२१ मध्ये केली होती. त्या डिसेंबरात कायद्यात दुरुस्ती झाली, पण ती कलमातली एक चूक निस्तरण्यापुरतीच.

विरोधकांचं म्हणणंही उडवून लावण्यासारखं नाही. मर्यादा ठरली की विकणारे तेवढाच माल खिशात घेऊन फिरतील, ही त्यांची भीती. पोर्तुगालने २००१ मध्ये दहा दिवसांपुरता साठा फौजदारी गुन्ह्यातून वगळला; पण माल जप्त होतो आणि माणसाला समितीपुढे उभं राहावं लागतं. अमेरिकेतल्या ओरेगॉनने २०२१ मध्ये शिक्षा काढली, उपचाराची सोय मात्र उशिरा उभी राहिली. सप्टेंबर २०२४ पासून तिथे बाळगणं पुन्हा गुन्हा झालं. नुसती शिक्षा काढून भागत नाही, हा त्यातला धडा.

घरच्यांनी काय करावं?

पोलीस दारात येण्याची वाट पाहू नका. शंका आली तर १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फोन करा, तो मोफत आहे. अटक झालीच, तर पंचनाम्यातलं वजन आधी बघा. पुढचं सगळं त्या आकड्यावर ठरतं. वकील परवडत नसेल, तर कोठडीतल्या माणसाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.