कापसाचा ट्रक आणि ब्रेकचे कार्य

नागपूर–हैदराबाद राष्ट्रीय महामार्ग आपल्या आदिलाबाद जिल्ह्यातून जातो व कापसाच्या हंगामात त्यावरून भरलेले ट्रक सारखे धावत असतात. असा ट्रक आवरण्यास ब्रेकांना किती कार्य करावे लागते, ते पाहू.

मालासह वस्तुमान १०,००० किलोग्रॅम धरू. वेग ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर. वेगाच्या वर्गास वस्तुमानाने गुणून निम्मे केले, की गतिज ऊर्जा मिळते : २० लाख जूल. हे निम्मे का? एकसारख्या बलाने थांबणाऱ्या वाहनाचा सरासरी वेग आरंभीच्या वेगाच्या अर्धा असतो, म्हणून. फ्रेंच गणिती कोरिओलिस याने १८२९ साली आपल्या ग्रंथात हा अर्धा गुणक योजिला.

समजा, चालकाने वेग ताशी ३६ किलोमीटरवर आणला. ऊर्जा ५ लाख जूल उरली; अर्थात् कार्य झाले १५ लाख जूल. पुष्कळ विद्यार्थी आधी वेगांची वजाबाकी करून मग वर्ग करतात व उत्तर ५ लाख काढतात. ते सर्वस्वी चूक होय. वर्ग आधी, वजाबाकी मागाहून! ब्रेकचे बल गतीच्या उलट दिशेस असल्याने हे कार्य ऋण मानतात. हरपलेली ऊर्जा उष्णता होऊन ब्रेक तापविते.

५०,००० न्यूटन बल लाविल्यास ३६ च्या वेगाचा ट्रक १० मीटरांत थांबेल; ७२ चा मात्र ४० मीटर जाईल. चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला, तर आणखी २० मीटर. शाळकरी मुलाची साठ सेंटिमीटरची पावले धरली, तर हे सारे अंतर शंभर पावले भरते.