साखरेबरोबर मीठ, मिठामागे पाणी

१९७१ साली पूर्व पाकिस्तानातून भारतात आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत कॉलरा पसरला. पश्चिम बंगालमधल्या बनगावला सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून रुग्णांना पाजायला सुरुवात केली. ३० टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांच्याही खाली आले. नुसते पाणी पाजून हे साधले नसते. त्याचे कारण आतड्याच्या पेशीपटलात आहे.

पेशीपटल म्हणजे स्निग्ध रेणूंचा दुहेरी थर, मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही पातळ. ऑक्सिजन त्यातून सहज पार होतो. सोडियमचे आयन आणि ग्लुकोज मात्र अडतात. त्यांच्यासाठी पटलात प्रथिनांची दारे असतात.

कॉलऱ्याचे विष क्लोराइड बाहेर सोडणारी दारे उघडीच ठेवते. क्लोराइडमागे सोडियम आणि त्यामागे पाणी आतड्यात ओतले जाते. मीठ शोषण्याचा नेहमीचा मार्गही मंदावतो. अशा वेळी प्यालेले साधे पाणी अंगात टिकत नाही.

पण एक दार या विषाच्या तडाख्यातून सुटते. ते दोन सोडियम आयन आणि ग्लुकोजचा एक रेणू यांना एकत्रच आत घेते. ही जोडवाहतूक रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली मांडली. तिला लागणारा जोर पेशीच्या दुसऱ्या बाजूचा पंप पुरवतो. ऊर्जा खर्चून तो तीन सोडियम आयन बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. त्यामुळे पेशीत सोडियम कायम कमी राहते, बाहेरचे सोडियम आत धावते आणि ग्लुकोजलाही सोबत नेते. त्यांच्या मागोमाग परासरणाने पाणी शोषले जाते.

म्हणूनच मीठ-ग्लुकोजच्या या द्रावणात, म्हणजे ओआरएसमध्ये, प्रमाणाला महत्त्व आहे. २००२ पासूनच्या सूत्रात १ लिटर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असते; इतर क्षारांतले सोडियमही धरले, तर सोडियमचे आयन आणि ग्लुकोजचे रेणू यांची संख्या समान पडते. साखर फार झाली तर परासरण उलटते आणि शरीरातलेच पाणी आतड्यात ओढले जाते. जुलाब झालेल्या मुलाला गोड शीतपेय देऊ नये, ते यासाठीच.

पाकिटावर लिहिले असेल तेवढ्याच स्वच्छ पाण्यात पूर्ण पूड घालावी आणि पहिल्या जुलाबापासूनच घोटघोट पाजावे. मूल मलूल झाले किंवा पोटात काहीच ठरेनासे झाले, तर तडक दवाखाना गाठावा. काही रुपयांत मिळणारे हे पाकीट प्रत्येक घरात असायलाच हवे आणि ते कसे द्यायचे, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवे.