डांबरातली पंगत

मे महिन्यात कामठीत पारा 45 ओलांडतो तेव्हा तिथल्या रस्त्याची खरी परीक्षा सुरू होते. रस्त्यासाठी सर्रास वापरलं जाणारं डांबर व्हीजी-30 प्रतीचं असतं. ते किमान 47 अंशांपर्यंत तरी मऊ पडू नये, एवढीच मानकाची अट. पण उन्हात तापलेला काळा रस्ता हवेपेक्षा कितीतरी अंशांनी गरम असतो आणि वरून परिसरातल्या खाणींचा कोळसा भरलेले ट्रक जातात. साधं डांबर अशा वेळी चाकाखाली दबतं आणि दबलेलं तसंच राहतं.

म्हणून जड वाहतुकीच्या महामार्गांसाठी डांबरात एसबीएस नावाचा पॉलिमर मिसळतात, शेकडा तीन ते सहा भाग. एवढ्याशा भेसळीने स्वभाव किती बदलतो ते प्रयोगशाळेत दिसतं. पितळी कड्यात डांबर ओतायचं, वर साडेतीन ग्रॅमची पोलादी गोळी ठेवायची आणि भोवतीचं पाणी मिनिटाला पाच अंशांनी तापवायचं. साध्या डांबरातून गोळी पन्नाशीच्या आसपास खाली येते. चांगल्या एसबीएस-मिश्रित डांबरात साठी उलटली तरी ती वरच बसलेली असते.

हे घडतं ते रेणूच्या रचनेमुळे. एसबीएसचा रेणू म्हणजे लांबलचक साखळी. तिच्या दोन्ही टोकांना पॉलिस्टायरीन असतं आणि मधे पॉलिब्युटाडाइनचं रबर. टोकांचं रबराशी पटत नाही. शेजारच्या साखळ्यांची टोकं एकमेकांना शोधून दहा-वीस नॅनोमीटरच्या गाठी बांधतात. या गाठी सुमारे 100 अंशांपर्यंत काचेसारख्या कडक राहतात. मधलं रबर मात्र उणे 90 च्या आसपास जाईपर्यंत ताणता येतं. अशी जाळी डांबरभर पसरते. हाच माल, तितकाच, पण कडक भाग मधे आणि रबर टोकांना अशा क्रमाने जोडला तर जाळी बनतच नाही. म्हणजे सगळा खेळ क्रमाचा आणि लांबीचा.

आता प्रश्न असा, की डोळ्यांना न दिसणाऱ्या अब्जावधी साखळ्यांत कोण कुठे बसणार हे ठरवतं कोण? नेहमीच्या पद्धतीने पॉलिमर बनवताना कोणीच नाही. काही साखळ्या आधी सुरू होतात, काही नंतर. दोन वाढती टोकं एकमेकांवर आदळली की दोन्ही संपतात. हाती येतं ते आखूड-लांब साखळ्यांचं कडबोळं.

मूळचे पोलंडचे मायकेल श्वार्ट्स यांनी 1956 मध्ये अमेरिकेतल्या सिरॅक्यूजमध्ये वेगळंच काही दाखवलं. सोडियम आणि नॅप्थलीनच्या गडद हिरव्या द्रावणात त्यांनी स्टायरीन टाकलं आणि रंग क्षणात लालभडक झाला. स्टायरीन संपलं तरी लाली गेली नाही. पुन्हा स्टायरीन टाकलं, तर त्याच साखळ्या तिथून पुढे वाढू लागल्या. टोकांवर ऋण भार होता. सारखे भार एकमेकांना दूर ठेवतात, त्यामुळे टोकं आपसात भिडून संपत नव्हती. श्वार्ट्स यांनी या पॉलिमरांना ‘जिवंत’ म्हटलं.

पंगतीचा विचार करा. सगळी पानं एकदम मांडली, उशिरा कोणी आलं नाही, मधेच कोणी उठलं नाही, तर परातीतल्या जिलब्या आणि पानं मोजून प्रत्येकाच्या वाट्याला किती येणार ते वाढण्याआधीच सांगता येतं. इथे पान म्हणजे साखळी सुरू करणारा ब्युटाइल लिथियमचा रेणू. 104 ग्रॅम, म्हणजे एक मोल स्टायरीन घ्या आणि त्यात एक मिलिमोल ब्युटाइल लिथियम टाका. प्रत्येक साखळी सरासरी हजार कड्यांची होणार, रेणुभार लाखाच्या थोडा वर. हा भागाकार कागदावर करायचा आणि मग बाटली उघडायची! अशा वाढीत लांबी किती पसरेल याचं गणित रसायनशास्त्रज्ञ फ्लोरी यांनी 1940 मध्येच मांडलं होतं. सरासरी हजार असेल, तर आदर्श स्थितीत दोन-तृतीयांशांहून जास्त साखळ्या 968 ते 1032 कड्यांच्या दरम्यान पडतात.

क्रमही तसाच हातात येतो. आधी स्टायरीन संपू द्यायचं, मग ब्युटाडाइन द्यायचं, मग पुन्हा स्टायरीन. श्वार्ट्स यांचे विद्यार्थी राल्फ मिल्कोविच पुढे शेल कंपनीत गेले आणि तिथून 1960 च्या दशकात एसबीएस बाजारात आलं.

मला सगळ्यात थक्क करतो तो द्रावकाचा महिमा. ब्युटाडाइन तेच, ब्युटाइल लिथियम तेच. हेक्झेनमध्ये केलं तर जवळपास नव्वद टक्के कड्या सरळ रांगेत जोडल्या जातात आणि लवचिक रबर मिळतं. टेट्राहायड्रोफ्युरानमध्ये केलं तर बहुतेक कड्यांची अर्धी बाजू साखळीबाहेर लोंबत राहते आणि पदार्थाचा स्वभावच पालटतो.

या शिस्तीची किंमत मात्र कडक आहे. वरच्या हिशोबातली एकूण एक साखळी मारायला 18 मिलिग्रॅम पाणी पुरतं, म्हणजे थेंबाचा तिसरा हिस्सा. म्हणून काचेची भांडी निर्वातात तापवून घ्यायची, द्रावक पुन्हा पुन्हा वाळवायचा आणि हवेचा वाराही लागू द्यायचा नाही. आणि कड्या बनणारे सगळेच रेणू, म्हणजे मोनोमर, स्टायरीनसारखे सरळ नसतात. अ‍ॅक्रिलिक काचेचा मोनोमर, मिथाइल मेथॅक्रिलेट, हा त्यातला खट्याळ. त्याच्या साखळीचं टोक मागे वळून आपल्याच तिसऱ्या कडीला डसतं, कडं तयार होतं आणि वाढ थांबते. शिवाय लिथियमची टोकं एकमेकांना चिकटून जुड्या करतात. जुडीतलं टोक हळू वाढतं, सुटं टोक भराभर, आणि पंगतीचा हिशोब बिघडतो. हे आवरायला ड्राय आइसने भांडं उणे 78 अंशांवर न्यायची प्रथा आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डी. बास्करन आणि एस. शिवराम यांनी याच मोनोमरवर काम केलं. लिथियम परक्लोरेट हा क्षार द्रावणात मिसळला की साखळ्यांची लांबी लक्षणीयरीत्या एकसारखी येते, असं त्यांनी 1997 मध्ये मांडलं. क्षारामुळे जुड्या सैल होतात आणि टोकांची अदलाबदल इतकी झपाट्याने होते, की वाढीची संधी सगळ्यांना सारखी मिळते.