स्टिअरिंगचें तेल कोणतें घालावें?

मोटारगाडीच्या पोटांत जीं निरनिराळीं तेलें असतात, त्यांपैकीं मालकाचें लक्ष सर्वांत कमी जातें तें पॉवर स्टिअरिंगच्या तेलाकडे. एंजिनाचें तेल ठराविक अंतर चालल्यावर बदलावयाचें असतें, हें घरांतील शाळकरी मुलांनाहि ठाऊक असतें. ब्रेक-ऑईलचें नांव काढतांच मनुष्य सावध होतो. परंतु स्टिअरिंगच्या टांकींत काय आहे, हें बहुधा कोणी विचारीत नाहीं. मग एके दिवशीं गाडी वळवितांना कण्हल्यासारखा आवाज येऊं लागतो, गॅरेजमधील मिस्त्री "थोडें लाल ऑईल टाकूं" असें म्हणतो आणि आपण मान डोलावतों. श्रोतेहो, हें लाल ऑईल म्हणजे काय, तें आपल्या गाडीस चालेल कीं नाहीं, आणि न चालल्यास काय होतें, याचा विचार आज आपणांस करावयाचा आहे.

प्रथम यंत्राची रचना पाहूं. बंदिस्त द्रवावर एके ठिकाणीं दिलेला दाब सर्व दिशांस सारखाच पसरतो, हा पास्कलचा नियम आपण शाळेंत घोकलेला आहे. हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग याच नियमावर चालतें. एंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा एक पंप तेलास दाब देतो. स्टिअरिंगच्या दांड्याच्या खालच्या टोकास पोलादाची एक बारीक कांब असते. आपण स्टिअरिंग वळवूं लागतांच ती किंचित् पिळली जाते, आणि त्या पिळाच्या मानानें एक झडप उघडून दाबाचें तेल दट्ट्याच्या एका बाजूस सोडते. दट्ट्या सरकतो व चाकें वळण्यास मदत होते. उभ्या गाडीचें स्टिअरिंग शेवटपर्यंत वळविलें असतां हा दाब वातावरणाच्या दाबाच्या ऐंशी ते शंभर पटींपर्यंत चढूं शकतो. अमेरिकेंतील फ्रान्सिस डेव्हिस या एंजिनियरानें अशी रचना १९२६ सालीं पिअर्स-ॲरो मोटारीवर बसवून दाखविली. परंतु विक्रीच्या प्रवासी मोटारींत ती आली १९५१ सालीं, क्रायस्लर कंपनीच्या इंपीरियल गाडींत.

यावरून तेलाचीं कामें तीन आहेत, हें ध्यानांत येईल. दाब वाहून नेणें, हें पहिलें; पंपाच्या घासणाऱ्या भागांस वंगण देणें, हें दुसरें; आणि ठिकठिकाणच्या रबरी सीलांस धक्का न लावणें, हें तिसरें. तेल फार पातळ असेल तर तें फटींतून निसटतें व वंगणाचा थर टिकत नाहीं. फार घट्ट असेल तर थंडींत पंपाला तें ओढून घेतां येत नाहीं, त्यांत पोकळ्या पडतात आणि पंप कण्हूं लागतो. सीलाच्या रबरास न मानवणारें असेल तर सील फुगतें किंवा कडक होऊन चिरतें, व गळती लागते. म्हणून अमुक तेल उत्तम व तमुक वाईट, असा निवाडा येथें उपयोगाचा नाहीं. ज्या पंपासाठीं व ज्या रबरासाठीं जें तेल योजलें असेल, तेंच त्याला उत्तम.

बाजारांत या तेलांचीं मुख्यतः तीन कुळें आढळतात. पहिलें कूळ ऑटोमॅटिक गिअरपेटीच्या तेलाचें. डेक्स्रॉन, मर्कॉन हीं नांवें या कुळांतलीं. एंजिनाच्या तेलापासून तें वेगळें ओळखूं यावें म्हणून त्यांत तांबडा रंग मिसळतात. मिस्त्रीचें लाल ऑईल तें हेंच. टोयोटा कंपनीच्या हायड्रॉलिक स्टिअरिंगच्या अनेक गाड्यांस डेक्स्रॉन-दोन किंवा डेक्स्रॉन-तीन सांगितलेलें असतें. दुसरें कूळ कारखानदारांच्या स्वतःच्या खास तेलांचें. होंडा कंपनी आपल्या अशा गाड्यांत स्वतःचेंच स्टिअरिंग-तेल घालण्यास सांगते. अडचणींत दुसरें घातलें तर लवकरच सर्व तेल काढून टाकून पुन्हा होंडाचें भरावें, असें तिच्या पुस्तिकेंत बजावलेलें असतें. तिसरें कूळ कृत्रिम, हिरव्या रंगाच्या जर्मन तेलाचें; त्यांतील प्रसिद्ध नांव सीएचएफ ११ एस. कडाक्याच्या थंडींतहि तें पातळ राहतें. बी.एम.डब्ल्यू.च्या कांहीं गाड्यांत लाल तेल लागतें, तर कांहींत हें हिरवें. कोणतें, तें टांकीच्या झांकणावरच लिहिलेलें असतें.

परंतु रंग हा ओळखीची खूण आहे, हमी नव्हे. निरनिराळ्या कंपन्या निरनिराळे रंग वापरतात, व जुनें झाल्यावर सगळींच तेलें काळसर दिसतात. बाटलीवरील नांवाचीहि नीट पारख करावी. डेक्स्रॉन हें नांव जनरल मोटर्स कंपनीचें. तिनें २००५ सालीं डेक्स्रॉन-सहा काढलें आणि २००६ सालानंतर डेक्स्रॉन-तीनचे परवाने देणें बंद केलें. त्यामुळें आज एखाद्या बाटलीवर डेक्स्रॉन-तीनचें नांव दिसलें, तर तें त्या तेल-कंपनीचें स्वतःचें म्हणणें असतें. बाटली विश्वासू कंपनीची असावी, ती याचसाठीं. शिवाय डेक्स्रॉन-सहा हें तीनपेक्षां पातळ आहे. गिअरपेटीस नवें तेल चाललें म्हणून जुन्या स्टिअरिंगलाहि तें चालेलच, असें गृहीत धरूं नये.

आतां सर्वांत महत्त्वाचा इशारा. स्टिअरिंगच्या टांकींत ब्रेक-ऑईल कदापि घालूं नये. नेहमींचें ब्रेक-ऑईल हें खनिज तेल नसून ग्लायकोल जातीचें द्रव्य आहे. स्टिअरिंगचीं सीलें ज्या नायट्राइल रबराचीं असतात, तें त्यानें बिघडतें. उलट ब्रेकचें रबर निराळ्या जातीचें असून खनिज तेलानें तें फुगतें. म्हणजे स्टिअरिंगचें तेल चुकून ब्रेकच्या टांकींत गेलें, तर ब्रेकच निकामी होण्याचा धोका! दोन्ही टांक्या एकाच बॉनेटखालीं असतात, हें विसरूं नये. दोहोंसाठीं एकच नरसाळेंहि वापरूं नये. अशी गफलत झालीच, तर एंजिन सुरूं न करतां प्रथम जाणत्या मिस्त्रीस बोलवावें.

तेल कमी झालें म्हणजे ओतावें, एवढ्यानेंहि भागत नाहीं. हें तेल एंजिनाच्या तेलासारखें जळत नाहीं. तें बंदिस्त वाटेनें फिरत असतें. पातळी वारंवार खालीं जात असेल, तर कोठें तरी गळती आहे. नळी किंवा सील वेळींच बदलल्यास थोडक्यांत निभावतें. पंप कोरडा चालून झिजला, तर खर्च कित्येक पटींनीं वाढतो. पातळी पाहतांना गाडी सपाट जागीं उभी करावी व झांकणाभोंवतालची धूळ आधीं पुसावी. टांकीवर गरम व थंड तेलासाठीं वेगळ्या रेघा असतील, तर त्याप्रमाणें पाहावें. स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवून तसेंच दाबून धरूं नये. त्यानें तेल फार तापतें. आणि चालत्या गाडींत ही मदत अकस्मात् बंद पडली, तर घाबरूं नये. स्टिअरिंग जड होतें, परंतु चाकांशीं असलेला त्याचा यांत्रिक संबंध तुटत नाहीं. दोन्ही हातांनीं जोर लावून गाडी हळूहळू कडेला घ्यावी.

शेवटीं एक गोष्ट, जी खरें म्हणजे प्रथमच पाहावयास हवी. आपल्या गाडींत हें तेल आहे तरी काय? जपानांत १९८८ सालीं सुझुकीच्या सर्व्हो गाडींत विजेच्या मोटरवर चालणारें स्टिअरिंग आलें, आणि आज बहुतेक नव्या लहान गाड्यांत तेंच असतें. त्यास तेल लागत नाहीं. अशा गाडीच्या बिलांत स्टिअरिंगच्या तेलाची रक्कम दिसली, तर ती कशाची, हें विचारण्याचा आपणांस पूर्ण हक्क आहे. कांहीं गाड्यांत मात्र पंप विजेवर चालतो व दाब तेलाचाच असतो. तेथें तेल लागतेंच. या सर्वांचें उत्तर गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेंत छापलेलें असतें. ती कपाटांतून काढावी, तेलाचें नेमकें नांव एका चिठ्ठीवर उतरून घ्यावें, आणि ती चिठ्ठी गाडींतच ठेवावी. गॅरेजमध्यें "कोणतें ऑईल टाकूं?" असा प्रश्न आला, म्हणजे मान डोलावण्याऐवजीं ती पुढें करावी.